‘दॅट’च्या पुढचं क्रियापद

मराठी माध्यमात शिकून पुण्यातल्या एका आयटी कंपनीत लागले, तेव्हा माझ्याकडे पहिलं काम आलं ते मीटिंगचं एमओएम, म्हणजे ‘मिनिट्स ऑफ मीटिंग’ लिहिण्याचं. कोण काय म्हणालं ते नीट मांडून मेल करायचं. दहावीला इनडायरेक्ट नॅरेशनमध्ये माझे मार्क कधी गेले नव्हते, त्यामुळे भीती अशी वाटली नाही.

चौथ्या आठवड्यात कॉलवर क्लायंट म्हणाला, ‘वी मे मूव्ह द डेट.’ मी लिहिलं, ‘द क्लायंट सेड दॅट दे वुड मूव्ह द डेट.’ वाक्य व्याकरणात चोख होतं. पण ‘कदाचित ढकलू’चं मी ‘ढकलू’ करून टाकलं होतं. तारीख पुढे गेली असं धरून टीममधल्या दोघांना दुसऱ्या कामावर पाठवलं गेलं, तारीख मात्र जागची हलली नाही. पुढचे दहा दिवस सगळ्यांनी रात्री जागून काढले. तिथे ‘माइट’ हवं होतं.

शाळेतला तक्ता खराच आहे: विलचं वुड, कॅनचं कुड, मेचं माइट. पण तो फक्त काळ बदलायला शिकवतो. बोलणाऱ्याने शब्द दिलाय, शक्यता सांगितलीय की सल्ला दिलाय, ते वजन त्या छोट्या क्रियापदात असतं आणि काळ बदलताना ते तसंच राहायला हवं.

आपली अडचण कुठे होते, तर मराठीत दुसऱ्याचं बोलणं आपण जसंच्या तसं उचलतो. ‘तो म्हणाला की मी येईन.’ त्यावरून ‘ही टोल्ड दॅट आय विल कम’ तयार होतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, लिहिणारीच येणार आहे. ‘ही सेड दॅट ही वुड कम’ लिहा. ‘टोल्ड’ वापरायचं तर कुणाला सांगितलं तेही लागतं: ‘ही टोल्ड मी दॅट...’ येणं अजून व्हायचं असेल तर ‘सेड दॅट ही विल कम’ हेही चालतं. एमओएममध्ये मी ‘वुड’च ठेवते, कारण ते कुणीतरी सहा महिन्यांनी उघडून वाचणार असतं.

खरी गंमत ‘सजेस्ट’, ‘रेकमेंड’, ‘इन्सिस्ट’ या क्रियापदांची. ‘ही सजेस्टेड मी टू गो’ हे मी वर्षभर लिहिलं. ते चूक आहे. ‘ही सजेस्टेड दॅट आय शुड गो’ किंवा नुसतं ‘दॅट आय गो’. अमेरिकन क्लायंटच्या मेलमध्ये हे दुसरं रूप जास्त दिसतं: ‘वी रेकमेंड दॅट द टेस्ट बी रिपीटेड.’ तो ‘बी’ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला टायपिंगची चूक वाटली होती. मग एकदा मराठी वाक्य मनात आलं: ‘टेस्ट पुन्हा घ्यावी असं आम्ही सुचवतो.’ घ्यावी, जावं, करावं! आपला विध्यर्थ तोच आहे. मराठीत ‘-आवं’ आलं की इंग्रजीत ‘शुड’ किंवा साधं क्रियापद. ही खूण मला कोणत्याही तक्त्यापेक्षा उपयोगी पडली.

‘इन्सिस्ट’ला तर ती फारच लागते. ‘शी इन्सिस्टेड दॅट द फाइल वॉज चेक्ड’ म्हणजे फाइल तपासली गेली होती, असं तिने ठासून सांगितलं. ‘दॅट द फाइल बी चेक्ड’ म्हणजे ती तपासावीच, असा आग्रह धरला. पहिल्यात काम झालंय, दुसऱ्यात व्हायचंय. ‘सजेस्ट’चंही तसंच. ‘द लॉग्ज सजेस्टेड दॅट द सर्व्हर वॉज डाउन’ यात कुणी सल्ला देत नाही, लॉगवरून, म्हणजे सिस्टिमने ठेवलेल्या नोंदींवरून तसं दिसतंय. तिथे ‘शुड’ घालू नका.

‘मस्ट’ही आपल्या ‘पाहिजे’सारखंच दुहेरी. ‘काम संपवलं पाहिजे’ यात सक्ती आहे, म्हणून ‘ही सेड दॅट वी हॅड टू फिनिश’ चालेल, ‘मस्ट’ही चालेल. पण ‘डेटा जुना असला पाहिजे’ हा अंदाज आहे. तिथे ‘ही सेड दॅट द डेटा मस्ट बी ओल्ड’ असंच ठेवा. ‘हॅड टू बी’ लिहिलं तर जुना डेटा हवा होता, असाही अर्थ निघतो.

वुड, कुड, माइट, शुड मुळातच आले असतील तर बहुतेक वेळा हात लावावा लागत नाही.

आता मी मीटिंग चालू असताना वहीत मराठीतच टिपते: ‘ढकलतीलही’, ‘तपासावी’, ‘जुना असला पाहिजे’. नंतर त्यावरून इंग्रजी लिहिते. आणि बोलणाऱ्याचं वजन कळलं नाही, तर तिथेच विचारते: ‘सो इट विल मूव्ह, ऑर इट माइट?’ आजवर यावर कुणी वैतागलेलं नाही. उलट दोनदा क्लायंटने थांबून स्वतःचं वाक्य बदललं.