दातांच्या दवाखान्याची तपासणी: या चुका टाळा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या दोन खुर्च्यांच्या दवाखान्यात तपासणीला पहिल्यांदा अधिकारी आले, तेव्हा मी रूट कॅनाल करत होते. पेशंटच्या तोंडात रबर डॅम (दाताभोवती लावायचा रबरी पडदा), हात अडकलेले. "दहा मिनिटं बसा, आलेच," मी म्हणाले. त्या दहा मिनिटांत त्यांनी माझ्या कपाटातल्या जाडजूड फाईलकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी आमच्या मावशींना विचारलं, "सुई वापरून झाली की कुठं टाकता?"

"सुई व्हय? टोपण लावून त्या बाटलीत टाकतो की."

बाटली म्हणजे पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली. सुयांसाठीचा पांढरा डबा सिंकखाली कोरा करकरीत पडला होता. तो मीच आणला होता, पण कशासाठी आणला हे मावशींजवळ बसून कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी खरं तेच सांगितलं. चूक माझी होती.

त्यानंतर गावातल्या बऱ्याच डॉक्टर मित्रमैत्रिणींशी या विषयावर बोलणं झालं. दवाखाना शाहूपुरीतला असो वा कसबा बावड्यातला, चुका त्याच त्या निघतात. फाईल बहुतेकांची ठीक असते. गोची होते ती फाईलमध्ये एक आणि खुर्चीपाशी दुसरंच चाललेलं असतं तिथे.

मुळात आपल्याकडे 'तपासणी' ही एक गोष्ट नाही. कचऱ्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, एक्स-रेसाठी अणुऊर्जा नियामक परिषद, औषधांसाठी अन्न व औषध प्रशासन, नोंदणीसाठी महाराष्ट्र राज्य दंत परिषद, आणि शिवाय महापालिका. प्रत्येकाचं बघणं वेगळं. म्हणून 'सगळे परवाने एका फाईलमध्ये' या समाधानात राहू नका. कुठला कागद कोणासाठी, त्याची मुदत कधी संपते, हे एका पानावर लिहून फाईलच्या पहिल्या कप्प्यात लावा.

कचऱ्याच्या पिशव्या: सगळ्यात जास्त चुका इथेच

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ सालचे आहेत. ज्या दवाखान्यात खाटा नाहीत त्यांना मंडळाचं ऑथरायझेशन (कचरा हाताळायची परवानगी) एकदाच घ्यावं लागतं. त्यामुळे अनेकांचा समज होतो, की एकदा कागद मिळाला म्हणजे विषय संपला. तसं नाही. आदल्या वर्षाचा वार्षिक अहवाल दर वर्षी ३० जूनपर्यंत द्यावा लागतो, आणि नोंदी ५ वर्षं जपून ठेवाव्या लागतात. जूनमध्ये शाळा सुरू होतात, पावसाची धांदल असते, आणि हा अहवाल हमखास राहून जातो. मी तो एप्रिलमध्येच भरून टाकते.

आता रंग. रक्ताने माखलेला कापूस, गॉज, मास्क आणि मुदत संपलेली औषधं पिवळ्या पिशवीत. हातमोजे, सक्शन टिप, सुई काढलेली सिरिंज, सलाईनची नळी लाल पिशवीत. सुया, ब्लेड, झिजलेले बर (दात कोरायची बारीक टोकं), तुटलेल्या रूट कॅनाल फाईल (दाताची मुळं साफ करायच्या बारीक सुया) पांढऱ्या, टोचून आरपार न जाणाऱ्या डब्यात. भुलीच्या औषधाच्या काचेच्या बाटल्या निळ्यात. बर आणि फाईल यांच्याबाबत सगळ्यात जास्त गोंधळ दिसतो. त्या इतक्या बारीक असतात, की ट्रेवरच्या कापसाबरोबर पिवळ्या पिशवीत जातात आणि पिशवी उचलणाऱ्याच्या हातात घुसतात. तो पोरगा आपल्याला दिसत नाही, पण हात त्याचा असतो. म्हणून ट्रे आवरायचा क्रम ठरवून द्या: आधी टोकदार वस्तू, मग बाकीचं.

सुईला दोन्ही हातांनी टोपण लावणं बंद करा. टोपण लावायचंच असेल तर ते ट्रेवर ठेवून एका हाताने सुई आत सरकवा. पांढरा डबा खुर्चीपासून हाताच्या अंतरावर ठेवा. सिंकखाली ठेवलेला डबा कोणीच वापरत नाही, हे मी स्वतःच्या दवाखान्यात बघितलं आहे.

काढलेल्या दातांचं काय? बीडीएसची, म्हणजे डेंटल कॉलेजची मुलं सरावासाठी दात मागायला येतात, आणि आपण कौतुकाने बरणी भरत राहतो. ही बरणी कपाटात, नाव नाही, तारीख नाही, अशी सापडली की उत्तर द्यायला जड जातं. दात पिवळ्या पिशवीतच टाका. कॉलेजला द्यायचेच असतील तर कॉलेजचं पत्र घ्या, दात निर्जंतुक करून द्या आणि बरणीवर लेबल लावा. चांदी भरलेला दात मात्र पिवळ्या पिशवीतही नको आणि ऑटोक्लेव्हमध्येही (हत्यारं वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) नको, कारण तापवल्यावर त्या चांदीतल्या, म्हणजे अमाल्गममधल्या पाऱ्याची वाफ होते. तो आणि अमाल्गमचे उरलेले तुकडे घट्ट झाकणाच्या डब्यात वेगळे ठेवा.

कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही. कचरा न्यायची गाडी आली नाही, तर ज्या वेळी फोन केला ती वेळ आणि तारीख कचऱ्याच्या रजिस्टरमध्ये लिहा. सणासुदीच्या दिवसांत हे होतंच. गाडी न येण्यात तुमचा दोष नसतो, पण त्याची नोंद नसली तर तो तुमचाच ठरतो.

आणि रजिस्टर एका बैठकीत भरू नका. महिनाभराची वजनं एकाच पेनाने, एकाच अक्षरात, रोज बरोब्बर २०० ग्रॅम अशी लिहिलेली असतील तर कोणालाही कळतं. रविवारी दवाखाना बंद असताना कचऱ्याचं वजन लिहिलेलं रजिस्टर मी डोळ्यांनी बघितलं आहे. एक दिवस राहिला तर तो कोरा ठेवा.

ऑटोक्लेव्ह चालतो, पण निर्जंतुक होतं का?

'आम्ही सगळं ऑटोक्लेव्ह करतो' हे वाक्य पुरेसं नाही. १२१ अंशांना १५ ते २० मिनिटं किंवा १३४ अंशांना ३ ते ४ मिनिटं हा काळ मशीन सुरू केल्यापासून मोजायचा नसतो, आतलं तापमान तिथे पोचल्यापासून मोजायचा असतो. कुकरसारखा ऑटोक्लेव्ह वापरणारे इथेच चुकतात. दुसरी चूक म्हणजे हत्यारांचे पाऊच दाबून भरणं. वाफ फिरायला जागा राहिली नाही तर मधले पाऊच कोरडेच राहतात, आणि वरची खुणेची टेप मात्र रंग बदलते. टेपचा रंग बदलणं म्हणजे उष्णता लागली, एवढंच. आतले जंतू मेले का, हे स्पोअर टेस्टच (चिवट जिवाणू आत ठेवून केलेली चाचणी) सांगते. ती आठवड्यातून एकदा करा आणि निकालाची पट्टी तारखेसह चिकटवून ठेवा.

यूव्हीची (अतिनील किरणांची) पेटी म्हणजे निर्जंतुकीकरण, असा समज अजूनही दिसतो. त्या पेटीत निर्जंतुक केलेली हत्यारं ठेवायची असतात, ती तिथे निर्जंतुक होत नाहीत. उकळणंही नाही. हँडपीस (दात कोरायचं हातातलं यंत्र) नुसता स्पिरीटने पुसून पुढच्या पेशंटला वापरणं तर मला अजिबात पटत नाही. त्याच्या आत लाळ आणि रक्त ओढलं जातं. दिवसाला पेशंट जास्त असतील तर हँडपीस वाढवा, बाकी खर्च पुढे ढकला. खुर्चीच्या पाण्याच्या नळ्या सकाळी २ मिनिटं आणि प्रत्येक पेशंटनंतर २० ते ३० सेकंद वाहू द्या.

पाऊचवर तारीख लिहा. भुलीच्या औषधाच्या बाटलीवरही ती उघडल्याची तारीख हवी, आणि २८ दिवसांनी ती टाकून द्यायची.

एक्स-रे

एक्स-रे मशीनची नोंद नियामक परिषदेच्या 'ई-लोरा' या पोर्टलवर असते आणि परवाना त्या मशीनचा, त्या जागेचा असतो. दवाखाना चौथ्या गल्लीतून आठव्या गल्लीत हलवला आणि मशीन टेम्पोत घालून नेलं, तर पोर्टलवर बदल करावाच लागतो. निवृत्त झालेल्या डॉक्टरांकडून जुनं मशीन घेताना, किंवा हातात धरायचं छोटं मशीन प्रदर्शनात बघून घेताना, त्याला नियामक परिषदेची मान्यता आहे का हे आधी बघा. गुणवत्ता चाचणी दर २ वर्षांनी, आणि मोठी दुरुस्ती झाली तर पुन्हा.

शिशाचा एप्रन घडी घालून ठेवू नका, आतून तडे जातात. तो टांगायचा. पेशंटच्या तोंडातली एक्स-रे फिल्म धरायला मावशींना उभं करणं ही सवय आजच बंद करा.

माणसं आणि लसी

कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, वर्षातून एकदा प्रशिक्षण आणि एकदा आरोग्य तपासणी, हे नियमातच आहे. आपली स्वतःची लस झालेली असते, मावशींची नसते. हेपटायटिस बीचे ३ डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, म्हणजे तपासणीच्या आदल्या आठवड्यात हे उरकता येत नाही. सुई टोचली तर काय करायचं, हे भिंतीवर मराठीत लिहून लावा: साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, डॉक्टरांना लगेच सांगा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं. जवळच्या शासकीय रुग्णालयाचा नंबर त्याच कागदावर हवा. अशा टोचण्याची नोंद वार्षिक अहवालातही जाते. ती लपवू नका.

रविवारी सांगली-मिरजेहून येणारे ऑर्थोडॉन्टिस्ट किंवा सर्जन यांच्या नोंदणीची चालू प्रत तुमच्याकडे हवी. अग्निशामक नळकांड्यावरची तारीख बघा.

महापुरानंतर

हे कोल्हापूरकरांनाच सांगायला हवं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरी, लक्ष्मीपुरीत तळमजल्यावरचे दवाखाने पाण्यात गेले. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ ला लागलं की तळमजल्यावरच्यांनी रजिस्टर, परवाने आणि भरलेल्या पिशव्या आधी वर हलवाव्यात, खुर्चीचा विचार नंतर. पुरात वाहून गेलेला पांढरा डबा कोणाच्या दारात जाऊन थांबेल सांगता येत नाही. रजिस्टरच्या पानांचे फोटो महिन्याच्या शेवटी काढून ठेवा. नोंदी भिजून गेल्याच तर पाणी ओसरल्यावर प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा, पोच घ्या. भिजलेलं एक्स-रे मशीन वाळलं म्हणून सुरू करू नका.

अधिकारी दारात आल्यावर

ओळखपत्र नम्रपणे बघायला मागा, त्यात गैर काही नाही. कोणा नगरसेवकाला फोन लावू नका, त्याने साध्या त्रुटीचंही वजन वाढतं. पेशंटचं काम अर्धवट सोडू नका. मावशींना विचारलं तर त्यांनाच बोलू द्या, मध्ये उत्तर देऊ नका.

अहवालावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचा आणि प्रत मागून घ्या. एखादी त्रुटी चुकीची लिहिली आहे असं वाटलं तर सहीजवळ आपलं म्हणणं दोन ओळींत लिहा. नोटीस आली तर दिलेल्या मुदतीत उत्तर द्या. आमच्या त्या पाण्याच्या बाटलीची त्रुटी मीही लेखी उत्तराने मिटवली: खुर्चीशेजारी ठेवलेल्या पांढऱ्या डब्याचा फोटो, प्रशिक्षणाची तारीख आणि खाली मावशींची सही. उत्तराच्या माझ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतला. ती प्रत अजून फाईलमध्ये आहे, मावशींच्या लसीच्या कार्डाशेजारी.