स्वस्त ब्लेंडेड स्कॉच चाखताना या चुका टाळा, मगच बाटलीला नावे ठेवा

टीचर्स, व्हॅट 69, ब्लॅक अँड व्हाइट, 100 पायपर्स, जॉनी वॉकर रेड लेबल किंवा बॅलन्टाइन्स फाइनेस्ट यांच्याविषयी एकमेकांच्या अगदी विरुद्ध मते ऐकू येतात. एकाला जी व्हिस्की घसा जाळणारी वाटते, तीच दुसऱ्याला गोडसर आणि मऊ वाटते. या मतभेदांचे मूळ बहुतेक वेळा चाखण्याच्या पद्धतीत सापडते. बाटली कोणत्या खोलीत उघडली, ग्लास कुठून काढला, पाणी किती घातले आणि शेजारच्या ताटलीत काय होते, यावर निकालाचा मोठा भाग ठरून जातो. कमी किमतीच्या ब्लेंडची पारख महागड्या सिंगल माल्टपेक्षा (एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून बनलेल्या व्हिस्कीपेक्षा) अधिक काळजीने करावी लागते, कारण तिचे गुण सौम्य असतात आणि आपल्या निष्काळजीपणाखाली ते लगेच दबतात.

लेबल न वाचता अपेक्षा ठरवणे

ब्लेंडेड स्कॉच म्हणजे चांगल्या व्हिस्कीत भेसळ, हा समज सर्वप्रथम सोडला पाहिजे. आयनीस कॉफी याने 1830 च्या सुमारास अखंड चालणाऱ्या उभ्या भट्टीचे पेटंट घेतले आणि गहू, मका यांसारख्या धान्यांपासून हलकी ग्रेन व्हिस्की मोठ्या प्रमाणावर काढणे शक्य झाले. 1860 च्या ब्रिटिश कायद्याने कर भरण्यापूर्वी माल ठेवण्याच्या गोदामात माल्ट आणि ग्रेन व्हिस्की एकत्र करण्यास मुभा दिली, तेव्हा एडिनबरोच्या अँड्र्यू अशरसारख्या व्यापाऱ्यांनी आजच्या ब्लेंडचा पाया घातला. आजही कॅमरनब्रिज, नॉर्थ ब्रिटिश, गर्व्हन अशा मोठ्या डिस्टिलऱ्यांतून येणारी ग्रेन व्हिस्की कमी किमतीच्या ब्लेंडमध्ये सामान्यतः निम्म्याहून अधिक असते. तिचा स्वभाव हलका, गोडसर आणि व्हॅनिलाकडे झुकणारा असतो. अशा बाटलीत स्कॉटलंडच्या आयला बेटावरील सिंगल माल्टचा दणदणीत धूर शोधायचा आणि तो सापडला नाही म्हणून गुण कापायचे, हा परीक्षकाचा दोष आहे.

वयाचा आकडा नसलेली बाटली कच्ची असते, हेही खरे नाही. स्कॉच व्हिस्कीच्या 2009 च्या नियमांनुसार कोणतीही स्कॉच ओक लाकडाच्या, 700 लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच, किमान तीन वर्षे मुरवावी लागते. आकडा दिलेला असेल, तर तो त्या मिश्रणातील सर्वांत तरुण व्हिस्कीचा असतो. जॉनी वॉकर ब्लॅक लेबलवरील 12 चा अर्थ तोच.

आपल्याकडे आणखी एक गफलत वारंवार होते. भारतात बाटलीबंद झालेली स्कॉच ही स्कॉचच असते, कारण ब्लेंडेड स्कॉच मोठ्या टाक्यांतून परदेशी पाठवण्यास कायद्याची परवानगी आहे; सिंगल माल्टला मात्र 2012 पासून स्कॉटलंडमध्येच बाटलीत भरण्याचे बंधन आहे. याउलट ज्या भारतीय व्हिस्कीच्या लेबलावर स्कॉच माल्ट मिसळल्याचा उल्लेख असतो, ती स्कॉच नव्हे. या दोन प्रकारांना एकाच तराजूत तोलून मत बनवणाऱ्यांची संख्या थोडी नाही. शिवाय भारतात भरलेल्या बाटलीचे मद्यप्रमाण साधारणपणे 42.8 टक्के असते, तर विमानतळावरून आणलेली तीच व्हिस्की बहुधा 40 टक्क्यांची असते. ‘बाहेरची जास्त स्मूथ लागते’ या प्रसिद्ध निष्कर्षामागे पुष्कळदा एवढाच फरक असतो. तुलना करायचीच असेल, तर आधी दोन्ही पाण्याने एकाच तीव्रतेवर आणाव्यात.

रंगाविषयी फार बोलण्याचे कारण नाही. नियमांनुसार साधा कॅरॅमल रंग वापरता येतो आणि ब्लेंडमध्ये तो सर्रास वापरला जातो. त्यामुळे गडद सोनेरी छटेवरून वयाचा किंवा दर्जाचा अंदाज बांधू नये.

ग्लासाचा आणि खोलीचा वास व्हिस्कीच्या नावावर मांडणे

अनेक घरांत चांगले ग्लास शोकेसमध्ये किंवा कपाटात, कधी मूळ खोक्यातच ठेवलेले असतात. पालथ्या ठेवलेल्या ग्लासात कोंडलेल्या हवेला लाकडाचा, पुठ्ठ्याचा आणि शेजारच्या कप्प्यातील डांबरगोळ्यांचा वास लागतो. पीटच्या, म्हणजे दलदलीतून खणून काढलेल्या जळाऊ मातीच्या, धुराने वाळवलेल्या बार्लीमुळे व्हिस्कीत उतरणारी फिनॉल गटातील द्रव्येही औषधी, डांबरासारखी भासतात. अशा ग्लासात ओतलेल्या टीचर्सला कोणी ‘फार पीटी’ म्हटले, तर त्यातले अर्डमोर डिस्टिलरीच्या माल्टचे किती आणि कपाटाचे किती, हे सांगता येणार नाही. उपाय सोपा आहे. ग्लास साबणाशिवाय गरम पाण्याने धुवावा, फडक्याने न पुसता उघड्यावर निथळू द्यावा आणि ओतण्यापूर्वी रिकाम्या ग्लासाचा वास घ्यावा. रिकाम्या ग्लासाला वास येत असेल, तर चाचणी तिथेच थांबवून दुसरा ग्लास घ्यावा. ट्युलिपसारखा, तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता ग्लास असेल तर उत्तम. नसेल तर वाइनचा लहान ग्लासही चालतो. रुंद तोंडाच्या टंबलरमध्ये सौम्य ब्लेंडचा सुगंध टिकत नाही.

स्वयंपाकघरात हिंग-लसणाची फोडणी पडत असताना किंवा देवघरात उदबत्ती लावलेली असताना चाखायला बसू नये. परफ्यूम आणि सिगारेट यांनाही हाच नियम लागू आहे.

तापमानाची चूक मला अधिक गंभीर वाटते, कारण ती पुस्तकी सल्ला अक्षरशः पाळल्यामुळे घडते. व्हिस्की खोलीच्या तापमानाला चाखावी, असे सांगणाऱ्याच्या मनात स्कॉटलंडमधील 18 ते 20 अंशांची खोली असते. मे महिन्यात नागपूरच्या किंवा परभणीच्या घरात हाच सल्ला पाळला, तर 35 अंशांच्या पुढे गेलेल्या द्रवातून मद्यार्काची वाफ इतक्या जोराने वर येते की नाकाला दुसरे काही कळतच नाही. मग स्वस्त व्हिस्कीवर ‘नुसता स्पिरिटचा वास’ हा शिक्का बसतो. उन्हाळ्यात बाटली काही मिनिटे फ्रीजमध्ये ठेवून नमुना साधारण वीस अंशांवर आणावा. बर्फ टाकणे हा त्यावरचा उपाय नाही. बर्फाने वाफ दबते तसा सुगंधही दबतो आणि वितळणारे पाणी दर मिनिटाला तीव्रता बदलत राहते.

पाण्याला घाबरणे

‘नीट’, म्हणजे पाण्याविना, पिणारा तोच खरा जाणकार, या समजुतीने परीक्षणाचे फार नुकसान केले आहे. स्कॉटलंडमधील ब्लेंडर, म्हणजे मिश्रण ठरवणारे तज्ज्ञ, नमुन्यांचा वास घेताना ते पाणी घालून साधारण 20 टक्क्यांपर्यंत खाली आणतात, कारण त्या तीव्रतेला मद्यार्क नाकाला बधिर करत नाही आणि दोष लपत नाहीत. 42.8 टक्क्यांच्या 30 मिलिलिटर व्हिस्कीसाठी याचा अर्थ जवळपास 34 मिलिलिटर पाणी, म्हणजे व्हिस्कीपेक्षा किंचित जास्त. स्वीडनमधील लिनियस विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी 2017 मध्ये संगणकीय प्रारूपाच्या आधारे दाखवले की धुरकट वासाला कारणीभूत असलेले ग्वायकॉल हे द्रव्य पातळ केलेल्या व्हिस्कीत पृष्ठभागाजवळ राहते, तर मद्यप्रमाण खूप जास्त असेल तेव्हा ते द्रवात आत ओढले जाते. पाण्याने वास ‘उघडतो’ हा अनुभव म्हणूनच निव्वळ कल्पना नाही.

क्रम असा ठेवावा. 15 मिलिलिटर ओतून ग्लास दोन-तीन मिनिटे तसाच राहू द्यावा. नाक ग्लासात खुपसून खोल श्वास घेण्याऐवजी तोंड किंचित उघडे ठेवून, ग्लास हनुवटीजवळून हळूहळू वर आणावा. एक घोट पाण्याविना घ्यावा, मग अर्धे पाणी, मग बरोबरीचे पाणी, आणि प्रत्येक पायरीवर पुन्हा आधी वास, मग चव. पाणी क्लोरीनचा वास नसलेले आणि कमी क्षारांचे असावे. बोअरवेलचे जड पाणी चव बिघडवते. चांगले ब्लेंड बरोबरीच्या पाण्यातही सफरचंद, पिकलेले केळे, व्हॅनिला, किंचित धूर असे काहीतरी स्पष्ट सांगत राहते. सुमार ब्लेंड पाणी पडताच फिकट, गोड आणि मागे कडवट होते. हा फरक पाण्याविना चाखून कधीच इतका स्वच्छ कळत नाही.

तिखट चकण्याबरोबर निकाल देणे

जिभेवरील ज्या संवेदकाला मिरचीतील कॅप्सेसिन चेतवते, त्याच संवेदकाला इथेनॉलही चेतवते. तिखट शेव, मसाला शेंगदाणे किंवा ठेचा लावलेल्या भाकरीचा घास खाऊन घेतलेला घोट जास्त जाळतो आणि त्या जळजळीचे खापर विनाकारण व्हिस्कीवर फुटते. चाखून होईपर्यंत साधे पाणी आणि बिनमिठाचा पाव एवढेच समोर असावे. चकणा त्यानंतर खुशाल खावा.

जळजळ कमी म्हणजे दर्जा जास्त, हे समीकरणही तपासून घेतले पाहिजे. ‘स्मूथ’ हा आपल्याकडचा सर्वांत लाडका शेरा आहे, परंतु तो केवळ त्रास न झाल्याचे सांगतो. चव काय होती, किती वेळ टिकली, गोडवा आणि लाकडाचा कडवटपणा यांचा तोल साधला का, याविषयी तो काहीच सांगत नाही.

नाव दिसत असताना मत देणे

लीथच्या विल्यम सँडरसन यांनी 1882 मध्ये सुमारे शंभर मिश्रणे तयार करून जाणकारांपुढे ठेवली आणि 69 क्रमांकाचे मिश्रण सर्वांना पसंत पडले, अशी व्हॅट 69 च्या नावामागची परंपरेने सांगितली जाणारी हकिकत आहे. निवड क्रमांकावरून झाली, कारण तेव्हा त्या व्हिस्कीला नावच नव्हते. आपण नेमके उलटे करतो: बाटली टेबलावर ठेवतो, किंमत सांगतो आणि मग विचारतो, कशी वाटली?

घरी करण्याजोगी सर्वांत प्रामाणिक चाचणी तीन ग्लासांची आहे. दुसऱ्या व्यक्तीने दोन ग्लासांत एकच व्हिस्की आणि तिसऱ्यात वेगळी, प्रत्येकी 10 मिलिलिटर, समान पाणी घालून ओतावी आणि ग्लासांच्या तळाला खुणा कराव्यात. परीक्षकाने वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तिनात एकदा उत्तर बरोबर येऊ शकते, म्हणून ही चाचणी वेगवेगळ्या दिवशी पुन्हा करावी. ज्या दोन व्हिस्कींमध्ये आपल्याला सातत्याने फरक ओळखता येत नाही, त्यांच्यापैकी एकीला श्रेष्ठ म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. एका बैठकीत तीन-चारहून अधिक नमुने घेऊ नयेत, धुरकट व्हिस्की शेवटी ठेवावी आणि घोट थुंकण्यात कमीपणा मानू नये. व्यावसायिक परीक्षक तेच करतात. महाराष्ट्रात अशा मद्यासाठी परवाना आणि वयाची 25 वर्षे पूर्ण असणे आवश्यक आहे, आणि चाखल्यावर गाडी चालवायची नाही, हे वेगळे सांगायला नको.

काहीतरी बिघडल्यासारखे वाटते तेव्हा

नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा वास प्रामुख्याने इथाइल ॲसिटेटचा असतो. तरुण व्हिस्कीत तो थोडा असणे स्वाभाविक आहे आणि ग्लास दहा मिनिटे उघडा ठेवल्यास बराच ओसरतो. ओसरला नाही, तर गुण कमी करावेत. काडी ओढल्यासारखा किंवा रबरासारखा वास गंधकयुक्त द्रव्यांमुळे येतो. साबणासारखी चव आली, तर आधी ग्लास पुन्हा धुऊन पाहावा. थंड केल्यावर किंवा पाणी घातल्यावर आलेला ढगाळपणा बहुधा निरुपद्रवी असतो. भरण्यापूर्वी थंड करून न गाळलेल्या व्हिस्कीतील मेदाम्लांची एस्टर द्रव्ये कमी तापमानाला आणि कमी मद्यप्रमाणाला विरघळलेली राहत नाहीत. तळाशी थोडी उरलेली, अनेक महिने उघडी असलेली बाटली सपक लागते, कारण रिकाम्या जागेतील हवा आपले काम करत असते. अशा बाटलीवरून ब्रँडविषयी मत देऊ नये. बाटली उन्हापासून दूर आणि उभी ठेवावी. आडवी ठेवल्यास मद्य बुचाला खाते.

एका बाबतीत चाखून पाहण्याचा मोह टाळलाच पाहिजे. सील सैल असेल, लेबल वाकडे किंवा पुन्हा चिकटवलेले दिसत असेल, किंवा किंमत अविश्वसनीय रीतीने कमी असेल, तर ती बाटली तोंडाला लावू नये. विषारी मिथेनॉल चवीने किंवा वासाने ओळखता येत नाही.

किंमत आणि सोडा

पुण्यातील दुकानात जी रक्कम मोजावी लागते, तिच्यातला मोठा भाग कराचा असतो. महाराष्ट्राने आयात स्कॉचवरील उत्पादन शुल्क नोव्हेंबर 2021 मध्ये 300 टक्क्यांवरून 150 टक्क्यांवर आणले तेव्हा त्याच बाटल्या स्वस्त झाल्या. आतील द्रव्य मात्र तेच राहिले. गोव्यातही तीच बाटली कमी किमतीत मिळते. म्हणून किमतीला न्याय द्यायचा असेल, तर एकाच गावातील, एकाच करप्रकारातील बाटल्यांची आपसांत तुलना करावी. भारतात भरलेलीची भारतात भरलेलीशी आणि आयात केलेलीची आयात केलेलीशी.

सोड्याची चाचणी मी सर्वांत शेवटी आणि सर्वांत जास्त महत्त्व देऊन करतो. कमी किमतीचे ब्लेंड प्रामुख्याने सोडा, पाणी आणि बर्फ यांच्यासोबत पिण्यासाठीच बांधलेले असते, त्यामुळे तिथे त्याला न तपासणे अन्यायाचे ठरते. एक भाग व्हिस्की आणि दोन भाग ताजा, थंड सोडा घ्यावा. पहिला बुडबुड्यांचा आणि आंबट चरचरीचा घोट सोडून द्यावा आणि तिसऱ्या-चौथ्या घोटानंतर तोंडात काय उरते ते पाहावे. टीचर्समध्ये धूर टिकतो, बॅलन्टाइन्समध्ये सफरचंदाचा आणि व्हॅनिलाचा हलका गोडवा टिकतो, आणि या एका कसोटीवर मी दोघांनाही पैकीच्या पैकी गुण देईन. जिथे केवळ थंडपणा आणि गोडसर पाणी उरते, ती बाटली पाण्याच्या चाचणीत कशीही वागली असली, तरी मी पुन्हा विकत घेत नाही.