नोटिशीला घाबरून रिव्ह्यू काढला नाही

सांगलीतल्या एका फर्निचरवाल्यानं सागवानी म्हणून दिलेल्या दिवाणाचा पाय पावसाळ्यात फुगला. पापुद्रा सुटून आतला भुसा दिसायला लागला. तेवढंच फोटोसह गूगलवर लिहिलं. लगेच वकिलाची नोटीस: रिव्ह्यू काढा, नाहीतर अब्रुनुकसानीचा दावा. घरचे म्हणाले, काढून टाक, कशाला झंझट! पैसे आमचे गेले आणि तोंडही आम्हीच बंद ठेवायचं?

ओळखीच्या वकीलताईंनी समजावलं: नोटीस म्हणजे खटला नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये लोकहितासाठी सांगितलेली खरी गोष्ट अब्रुनुकसानीतून वगळली आहे. मात्र खरेपणा आपल्यालाच दाखवावा लागतो. म्हणून ‘सागवान’ लिहिलेलं बिल जोडून रजिस्टर पोस्टानं मुद्देसूद उत्तर पाठवलं, ग्राहक आयोगात जाणार हेही कळवलं. दुकानदारानं दिवाण नेला, पैसे दिले. रिव्ह्यूखाली ‘पैसे परत मिळाले’ एवढी ओळ मी घातली.