भाकरीची ‘बातली’ होते तेव्हा: मुलाच्या बोबड्या बोलांची वही

“तीन वर्षांचा झाला तरी बोबडंच बोलतोय, जीभ जड आहे का हो?” सोलापुरात स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करताना हा प्रश्न सतत कानावर येतो. मी आई-बाबांना आधी एक वही ठेवायला सांगते. डावीकडे खरा शब्द, उजवीकडे मूल तो जसा म्हणालं तसाच. “म्हण बघू” करून वदवून घ्यायचं नाही. खेळताना, जेवताना आपसूक निघालेलेच शब्द लिहा. आठवड्यात पंचवीस-तीस सहज जमतात.

मग एकेक अक्षर तपासा. भाकरी ‘बातली’ झाली असेल तर भचा ब, कचा त, रचा ल झालाय. पुढे केळं ‘तेलं’, खिडकी ‘तिदती’, गाडी ‘दादी’ दिसली की नेम लक्षात येतो: टाळूच्या मागचे आणि वरचे आवाज मूल दातांपाशी आणतंय, ह मिसळलेले आवाज सोपे करतंय. अशा मुलाची बाटलीसुद्धा ‘बातली’च असते. ताटावर बसून ते ‘बातली’ मागतं, आई पाणी पुढे करते, पोरगं रडायला लागतं. घरचे हट्टी म्हणतात. त्याने बिचाऱ्याने भाकरीच मागितलेली असते!

त्याच्या कानाला फरक बहुधा कळतो. मानसशास्त्रज्ञ जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी १९६० साली अशाच एका मुलाची नोंद केली. ‘फिश’ला ते स्वतः ‘फिस’ म्हणायचं, पण मोठ्यांनी ‘फिस’ म्हटलं की मान्य करायचं नाही. म्हणून लाडाने त्याच्यासारखं बोबडं बोलू नका. ते ‘बातली’ म्हणालं की भाकरी हातात देत म्हणा, “भाकरी हवी? ही घे भाकरी. कडक भाकरी!” एवढंच. पुन्हा म्हणायला लावू नका, पाहुण्यांसमोर तर मुळीच नाही.

एक खेळ मला फार उपयोगी वाटतो. गाडीचं एक आणि दाढीवाल्या आजोबांचं एक, अशी दोन चित्रं ठेवा. तुम्ही शब्द म्हणा, मुलाने चित्रावर बोट ठेवायचं. आठ-दहा वेळा बरोबर आलं की मग त्याला म्हणू द्या आणि तुम्हाला ऐकू येईल त्याच चित्राला हात लावा. गाडी मागून आजोबा मिळाले की ते स्वतःच नीट म्हणायची खटपट करतं. चिडलं तर खेळ तिथेच थांबवा.

वेखंड चाटवून यात फरक पडत नाही. जिभेखालची तार कापायची घाईही नको. क म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूला लागतो, टोक खालीच राहतं. मग तार कापून क कसा येणार?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांत आजी तेलुगू बोलते, अंगणवाडीत मराठी. दोन भाषांमुळे उच्चार बिघडत नाहीत, आजीचं बोलणं बंद करू नका. उलट वहीत तेलुगू शब्दही लिहा. अक्काची ‘अत्ता’ होत असेल तर तोच नेम तिथेही चाललाय.

वयाचा अंदाज असा: तीन वर्षं पूर्ण झाली की परक्या माणसालाही मुलाचं पाऊण बोलणं कळावं, चार पूर्ण झाली की जवळपास सगळं. क-ग साधारण साडेतीनपर्यंत येतात. र आणि जोडाक्षरांना आणखी वेळ लागतो, र तर पाच-सहा वर्षांपर्यंतही रेंगाळतो.

मात्र शब्दाचं पहिलंच व्यंजन गळत असेल (केळंचं ‘एळं’), उलट तचा क होत असेल (ताटचं ‘काक’), स्वर चुकत असतील किंवा एकच शब्द दर वेळी वेगळा येत असेल, तर वयाची वाट न बघता दाखवा. सारखी सर्दी, कानदुखी असेल तर आधी कान. पडद्यामागे पाणी साचलं की आवाज पुसट ऐकू येतात, आणि मूल तर ऐकूनच शिकतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं, तेव्हा डॉक्टरांना ही शंका स्पष्ट सांगा. श्रवणचाचणी झाली असेल तर तिचा कागद, ती वही आणि मोबाईलवर घरच्या गप्पांचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग घेऊन थेरपिस्टकडे या. नव्या जागी मूल गप्प बसलं, तरी तेवढ्यावर कामाला सुरुवात करता येते.