कार्यालयात कधी बोलावे, कधी थांबावे : या चुका टाळा

कामाच्या ठिकाणी एखादी गोष्ट खटकली की बोलावे की गप्प बसावे, हा प्रश्न आपण बहुधा धाडसाचा समजतो. जो बोलतो तो निडर आणि जो गप्प राहतो तो मूग गिळून बसणारा, अशी सरळ वाटणी केली जाते आणि त्यामुळे स्वभावाने शांत असलेली कर्तबगार माणसे विनाकारण स्वतःला कमी लेखतात. माझ्या मते हा प्रश्न स्वभावापेक्षा हिशेबाचा अधिक आहे. आपण गप्प राहिलो तर नुकसान कोणाला सोसावे लागेल, आणि ते टाळण्यासाठी किती वेळ हातात आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याने आधी शोधली, त्याची अर्धी घालमेल तिथेच संपते. पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक हा हिशेब न केल्यामुळे होतात.

सगळ्या गोष्टींना एकच नियम लावणे

"मी नेहमी तोंडावर बोलतो" किंवा "आपण बरे आणि आपले काम बरे" ही दोन्ही वाक्ये विचार टाळण्याची साधने आहेत. समजा, कांजूरमार्गच्या एका इमारतीच्या साइटवर नुकताच रुजू झालेला कनिष्ठ अभियंता सकाळी फेरी मारताना पाहतो की, पाच मीटर स्पॅनच्या (म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे प्रॉप्स, म्हणजे काँक्रीट पक्के होईपर्यंत स्लॅब पेलणारे टेकू, काँक्रीट ओतल्यापासून नवव्याच दिवशी काढायला सुरुवात झाली आहे. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला साडेचार मीटरपर्यंतच्या स्पॅनसाठी किमान सात दिवस आणि त्याहून मोठ्या स्पॅनसाठी किमान चौदा दिवस प्रॉप्स ठेवावे लागतात. ठेकेदाराला तेच प्रॉप्स वरच्या मजल्यासाठी हवे असतात, त्याचा माणूस वीस वर्षांचा अनुभवी असतो आणि वरिष्ठ साहेब अजून ठाण्याच्या पुढे गाडीत अडकलेले असतात. येथे नुकसान खाली काम करणाऱ्या मजुरांचे आहे आणि हातातला वेळ मिनिटांत मोजण्याचा आहे. त्यामुळे त्याने आधी काम थांबवावे, स्लॅबखालची माणसे बाहेर काढावीत, मग साहेबांना फोन करावा आणि नंतर साइट ऑर्डर बुकात तारीख, वेळ व स्लॅबचा क्रमांक घालून नोंद करावी. परवानगी मिळेपर्यंत थांबण्याचा हा प्रसंग नव्हे.

त्याच अभियंत्याला त्याच दिवशी दिसते की, मासिक अहवालाच्या एका पानावर जुन्या ड्रॉइंगचा क्रमांक छापला गेला आहे. अहवाल शुक्रवारी जाणार आहे. ही गोष्ट संध्याकाळी, अहवाल करणाऱ्या सहकाऱ्याच्या टेबलाशी जाऊन, एका वाक्यात सांगता येते. दोन्ही ठिकाणी आवाज सारखाच चढवला तर पुढच्या वेळी त्याच्या धोक्याच्या इशाऱ्याकडे कोणी लक्ष देणार नाही. दोन्ही ठिकाणी तो सारखाच गप्प राहिला तर एखाद्या घरातला कमावता माणूस जाईल.

आडून बोलणे आणि बोललो असे समजणे

ही चूक मला सर्वांत धोकादायक वाटते, कारण ती करणाऱ्याला आपण कर्तव्य केले असे मनापासून वाटत असते. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरील विमानतळाच्या धावपट्टीवर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानांची टक्कर झाली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. केएलएम या डच विमान कंपनीच्या विमानाने उड्डाणासाठी धाव घेतली, तेव्हा पॅन अ‍ॅमचे विमान अजून धावपट्टीवरच होते. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती आणि त्याने ती बोलूनही दाखवली. पण पॅन अ‍ॅमचे विमान अजून बाजूला झालेले नाही का, अशा प्रश्नाच्या रूपात. कंपनीतल्या अत्यंत ज्येष्ठ कॅप्टनने ठामपणे बाजूला झाल्याचे सांगितले आणि विमान थांबले नाही. या व अशा इतर अपघातांच्या अभ्यासातूनच कॉकपिटमधील कनिष्ठांनी शंका स्पष्ट विधानाच्या रूपात कशी मांडावी आणि वरिष्ठांनी ती कशी ऐकावी, याचे प्रशिक्षण विमान वाहतुकीत सुरू झाले.

आपल्याकडे आदरापोटी असे आडून बोलणे अधिकच होते. "साहेब, ते एकदा बघून घ्यायचं का?" असे म्हणून आपण मोकळे होतो, साहेब "हो हो, बघू" म्हणतात आणि दोघेही आपापल्या परीने खरे बोललेले असतात. आदर ठेवूनही स्पष्ट बोलता येते. त्या अभियंत्याने फोनवर असे सांगावे : "साहेब, हा पाच मीटरचा स्लॅब आहे आणि आज नववा दिवस आहे. प्रॉप्स काढायला सुरुवात झाली होती, मी काम थांबवलं आहे. चौदा दिवस पूर्ण होईपर्यंत हात लावू नये, असं माझं मत आहे. तुम्ही ठेकेदाराशी बोलता का?" यात पाहिलेली वस्तुस्थिती, धोका, स्वतःचे मत आणि समोरच्याने काय करायला हवे, या चारही गोष्टी आल्या आणि "साहेब"ही राहिले.

निर्दोष इंग्रजीची वाट पाहणे

मुंबईत ही अडचण मी फार जवळून पाहिली आहे आणि तिच्याविषयी पुरेसे बोलले जात नाही. बीकेसी किंवा लोअर परळच्या एखाद्या कार्यालयात बैठक इंग्रजीत चालते, मध्येच हिंदीत घसरते आणि लालबागला किंवा डोंबिवलीला मराठी शाळेत शिकलेली, हिशेबात सर्वांत पक्की असलेली मुलगी मनात वाक्य जुळवत राहते. वाक्य जुळते तोवर विषय पुढे गेलेला असतो. नंतर तिचेच म्हणणे दुसरा कोणी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बेधडक सांगतो आणि ते त्याच्या नावावर जमा होते.

अशा वेळी बैठकीआधी दोन ओळींचा ईमेल पाठवणे फार उपयोगी पडते : "तिसऱ्या पानावरील थकबाकीचा आकडा मार्चअखेरचा आहे, जूनचा नाही. बैठकीत मी हा मुद्दा मांडू इच्छिते." ईमेल इंग्रजीत असेल तर तो शांतपणे लिहिता येतो, दुसऱ्याकडून तपासून घेता येतो आणि बैठकीत फक्त त्याचा हवाला द्यावा लागतो. तेवढाही वेळ नसेल तर सरळ हिंदीत किंवा मराठीत बोलावे. मुंबईच्या बैठकीत ते समजणारे कोणी ना कोणी असतेच आणि चुकीच्या आकड्यावर निर्णय होण्यापेक्षा व्याकरण चुकलेले कधीही परवडते.

योग्य गोष्ट चुकीच्या जागी बोलणे

ग्राहकासमोर सादरीकरण चालू असताना वरिष्ठांचा आकडा चुकीचा असल्याचे लक्षात आले, तर तो आकडा ग्राहक आज करारात वापरणार आहे का, एवढेच पाहावे. वापरणार असेल तर तिथेच, पण वरिष्ठांना सावरायला जागा ठेवून सांगावे : "मॅडम, या आकड्याची सुधारित प्रत माझ्याकडे आहे, ती दाखवू का?" वापरणार नसेल तर लिफ्टमधून खाली उतरेपर्यंत थांबायला काहीच हरकत नाही, कारण ग्राहकाला सुधारित आकडा संध्याकाळच्या ईमेलने पाठवता येतो.

लोकल ही मात्र कार्यालयाचे बोलण्याची जागा कधीच नव्हे. चर्चगेटकडे जाणाऱ्या फास्ट गाडीत रोजचा ग्रुप ठरलेला असतो, विषय मोकळेपणाने निघतात आणि आपल्या खांद्याला खांदा लावून उभा असलेला माणूस त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेतला, त्याच ग्राहकाच्या कंपनीतला किंवा आपल्याच साहेबांचा शेजारी असू शकतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलेले तर स्क्रीनशॉट होऊन फिरते आणि मूळ तक्रार बाजूला राहून ती कुठे लिहिली यावरच चौकशी सुरू होते.

वड्याचे तेल वांग्यावर काढणे

बढती नाकारली गेल्याचा राग सुट्ट्यांच्या धोरणावरील चर्चेत निघाला की दोन्ही मुद्दे बुडतात. आपण नेमके कशावर रागावलो आहोत हे एका ओळीत लिहून पाहावे. ती ओळ आणि आपण बोलणार असलेला विषय एकच नसेल, तर त्या दिवशी थांबावे.

थांबण्याला मुदत असते, हे विसरणे

काही बाबतींत गप्प राहण्याची किंमत कायद्यानेच दिवसांत ठरवलेली आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार, ज्याला सगळे पॉश कायदा म्हणतात, लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करावी लागते आणि घटना एकापाठोपाठ घडत असतील तर शेवटच्या घटनेपासून हे महिने मोजतात. सबळ कारण असल्यास समिती आणखी जास्तीत जास्त तीन महिने वाढवून देऊ शकते. दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. त्याहून लहान आस्थापनेतील किंवा खुद्द मालकाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते आणि मुंबई शहर व मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी, असेही कायदा सांगतो. चौकशी चालू असताना लेखी विनंती केल्यास बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची रजा यांची शिफारस समिती करू शकते.

कित्येक जणी "आधी अप्रेझल होऊन जाऊ दे" म्हणून थांबतात आणि ते समजण्यासारखे आहे. पण थांबायचे ठरवले तरी त्याच दिवशी तारीख, वेळ, ठिकाण, उच्चारलेले शब्द आणि तिथे कोण होते हे लिहून ठेवावे, संदेश जपून ठेवावेत आणि शेवटची तारीख कॅलेंडरवर नोंदवावी. आज न बोलण्याचा निर्णय घेता येतो. फक्त तो उद्याचा हक्क गमावणारा नसावा.

निनावी पत्रावर विसंबणे

आर्थिक गैरव्यवहार दिसला की पहिला विचार निनावी पत्राचा येतो. केंद्र सरकारची कार्यालये, सार्वजनिक बँका आणि उपक्रम यांतील भ्रष्टाचाराच्या तक्रारीसाठी केंद्रीय दक्षता आयोगाकडे वेगळी सोय आहे आणि तिच्यामागे एक दुःखद इतिहास आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातील गैरप्रकारांविषयी सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याने पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले, नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली, तरी ते पत्र नावासह पुढे पाठवले गेले. नोव्हेंबर २००३ मध्ये गया येथे त्यांची हत्या झाली. देशभर संताप उसळल्यानंतर २००४ मध्ये केंद्राने तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवणारी ही पद्धत ठरवून दिली. तीत निनावी तक्रार घेतली जात नाही. नाव व पत्ता पत्राच्या आत लिहायचा असतो, लिफाफ्यावर स्वतःचे नाव घालायचे नसते आणि लिफाफा बंद करून त्यावर ही तक्रार जनहितार्थ प्रकटीकरणाखाली, म्हणजे पीआयडीपीआयखाली, असल्याचे लिहायचे असते.

खासगी क्षेत्रात शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या कंपन्यांना, जनतेकडून ठेवी घेणाऱ्यांना आणि बँका व वित्तसंस्थांकडून ५० कोटींहून अधिक कर्ज घेतलेल्यांना कंपनी कायदा २०१३ नुसार व्हिसल ब्लोअर यंत्रणा, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यासाठीची सोय, ठेवावीच लागते आणि तिची माहिती संकेतस्थळावर द्यावी लागते. अपवादात्मक प्रसंगी थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत जाण्याचा मार्गही तीत असतो. तक्रार करण्यापूर्वी हे धोरण पूर्ण वाचावे. स्वतःच्या कामाच्या ओघात हाती आलेल्या कागदांपुरतेच राहावे, दुसऱ्याच्या संगणकात शिरून पुरावे गोळा करू नयेत.

जिथे गप्प बसायला हवे तिथे बोलणे

सहकाऱ्याचा पगार, आजारपण, घरातील कलह किंवा दुसरीकडे चाललेली मुलाखत आपल्याला कळली असेल, तर ती आपल्याजवळच थांबावी. चूक करणाऱ्याने स्वतः ती दुरुस्त केली असेल आणि तिचा कोणाला त्रास उरला नसेल, तर ती पुन्हा उकरण्यात केवळ आपला मोठेपणा असतो. ऐकीव माहितीवर, विशेषतः कोणाच्या चारित्र्याविषयी, शब्दही काढू नये. वरिष्ठ एखाद्याला रागावत असताना मध्ये पडून बाजू मांडण्यापेक्षा अर्ध्या तासाने एकट्याने जाऊन सांगितलेले अधिक कामी येते. मात्र अपमान शिवीगाळीपर्यंत गेला, तर तिथेच थांबवावे.

आधीच बिघडले असेल तर

बोललो आणि वरिष्ठ नाराज झाले, अशा वेळी सर्वसाधारणपणे माणसे आपला मुद्दाच मागे घेतात. ते करू नये. दोन दिवसांत एकट्याने भेटून "सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, त्याबद्दल क्षमस्व. आकड्याविषयीचं माझं म्हणणं मात्र तेच आहे, कागद आणले आहेत," असे म्हणता येते. वरिष्ठ असलेल्या वाचकांनी येथे एक लक्षात घ्यावे. हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांतील गटांचा अभ्यास करताना असे आढळले की, चांगले काम करणाऱ्या गटांत चुकांची नोंद कमी नसून जास्त होती, कारण तिथे चुका बोलून दाखवता येत होत्या. ज्या विभागातून कधीच वाईट बातमी येत नाही, त्या विभागाची काळजी आधी करावी.

गप्प राहिलो आणि आता उशीर झाला, ही अवस्था अधिक अवघड असते, कारण "तेव्हाच का नाही सांगितलं?" हा प्रश्न येणार हे ठाऊक असते. त्याचे उत्तर आधीच आपल्या सांगण्यात घालावे : हे मला अमुक तारखेला कळले, अमुक कारणाने मी सांगितले नाही, आज स्थिती ही आहे आणि अजून हे सावरता येईल. कारण सजवू नये, दुसऱ्याच्या अंगावर ढकलू नये. सांगून झाल्यावर त्याच दिवशी छोटा ईमेल पाठवून बोलणे नोंदीवर आणावे आणि उत्तर कधीपर्यंत अपेक्षित आहे ते त्यात लिहावे. त्या तारखेपर्यंत काहीच हालचाल झाली नाही, तर आधीचा ईमेल जोडून एक पायरी वरच्या अधिकाऱ्याकडे जावे आणि तसे करत असल्याचे पहिल्या वरिष्ठांना स्वतः कळवावे. गैरव्यवहार किंवा छळ त्यांच्याचकडून होत असेल, तर मात्र त्यांना न कळवता थेट वर सांगितलेल्या संबंधित समितीकडे जावे.