ज्युपिटर-८ घेण्याआधी फोकस तपासा
सोव्हिएत ज्युपिटर-८ ही जुनी लेन्स (५० मिमी, एफ/२) तुलनेनं स्वस्त मिळते आणि पोर्ट्रेटला फार गोड दिसते. तिचं स्क्रू-माउंट (आट्यांनी बसणारं) मॉडेल डिजिटल लायका एम कॅमेऱ्यावर बसवायला अडॅप्टर लागतो. तो ५०/७५ची फ्रेमलाइन (व्ह्यूफाइंडरमधली फोटोची चौकट) आणणाराच घ्या. पण खरी गोम फोकसमध्ये आहे. या लेन्सचं मूळ गणित कॉन्टॅक्स या दुसऱ्या कॅमेऱ्याच्या मापाचं, लायकाच्या नव्हे; त्यामुळे रेंजफाइंडरमध्ये (दोन प्रतिमा जुळवून फोकस करायच्या यंत्रणेत) प्रतिमा जुळूनही जवळच्या अंतरावर फोकस सरकलेला निघू शकतो. एक मीटरवर तिरपी मोजपट्टी ठेवा, एफ/२ला, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेवून, फोटो काढा, स्क्रीनवर मोठा करून बघा. एफ/८ची चाचणी बिनकामाची, तिथे छिद्र लहान असल्यानं पुढचं-मागचंही स्पष्ट येतं आणि सगळंच खपून जातं. विक्रेता कितीही गोड बोलो! कॅमेऱ्यात लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवर थेट बघून फोकस करायची सोय) असेल, तर थोडी चुकणारी लेन्सही चालेल.