सांतियागोत घर मांडताना: नव्याने येणाऱ्यांसाठी

सांतियागोत पहिल्या आठवड्यात मला जो तो एकच विचारत होता, "रुत?" सुपरमार्केटच्या काउंटरवर रुत, औषधाच्या दुकानात रुत, ऑफिसच्या इमारतीत शिरताना गेटवर रुत. रुत म्हणजे चिलीतला ओळख क्रमांक. काही आकडे, मग आडवी रेघ आणि शेवटी पडताळणीचा एक अंक. तो ० ते ९ पैकी काहीही असतो, नाहीतर 'के'. आपलं आधार आणि पॅन एकत्र केलं तर जे होईल ते हे. बँक, घरभाडं, दवाखाना, ऑनलाइन खरेदी, सगळं या क्रमांकावर चालतं. तो हातात येईपर्यंतचे दिवस अवघड असतात हे आधीच समजून या, म्हणजे धीर सुटत नाही.

मी पुण्याहून आले, खाणींसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत. तांब्याच्या उत्पादनात चिली जगात पहिला, त्यामुळे आपल्याकडचे इंजिनिअर इथे येत राहणार. ऑफिसमधलं काम तुम्ही कराच. घर मांडताना जे मला कुणी सांगितलं नव्हतं, ते इथे लिहिते आहे.

निघण्याआधी कागद. पदवी, जन्मदाखला, लग्नाचा दाखला, पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र, या सगळ्यांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, करून घ्या. महाराष्ट्रातल्या पदवीचं आधी राज्य पातळीवर प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, असा हा प्रवास आहे. त्याला वेळ लागतो. इथे आल्यावर एखादा कागद राहिला असं लक्षात आलं, तर तिकडे घरच्यांना धावपळ करावी लागते. माझ्या लग्नाच्या दाखल्यासाठी वडिलांना ती करावी लागली, त्याचं अजून वाईट वाटतं. दुसरं म्हणजे २०२२ मध्ये इथे नवा स्थलांतर कायदा लागू झाला. तेव्हापासून राहण्याच्या परवानगीचा अर्ज देशाबाहेर असतानाच करायचा असतो. 'टुरिस्ट म्हणून जा, तिथे बघू' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

ओळखपत्र हातात आलं की कुएंतारुत हे खातं उघडा. ते सरकारी बँकेचं आहे आणि खाते क्रमांक म्हणजे तुमचाच रुत, शेवटचा अंक सोडून. पैशांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. इथे हजाराच्या जागी टिंब आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम देतात. १.५०० म्हणजे दीड नव्हे, दीड हजार. आणि हजार पेसोंना बोलताना 'लुका' म्हणतात. भाजीवाला "दोस लुकास" म्हणाला की दोन हजार काढायचे. १ आणि ५ पेसोंची नाणी २०१७ मध्येच बंद झाली, त्यामुळे रोखीची रक्कम दहाच्या पटीत करून घेतात.

घराबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथेच मी फसले. नव्या परदेशी माणसाकडे घरमालक तीन पगारपत्रकं, नोकरीचा करार आणि 'आवाल' म्हणजे जामीनदार मागतो. जामीनदार आणायचा कुठून? कंपनीकडून पत्र घ्या आणि बोलणी करा. काही मालक जास्तीच्या महिन्याच्या अनामतीवर तयार होतात. करारावर सही बरेचदा नोटरीसमोर होते, अंगठाही उमटवावा लागतो. करारात 'ऊएफे' हा शब्द दिसला तर थांबून वाचा. हे १९६७ पासून चालत आलेलं हिशेबाचं एकक आहे. त्याची नोट नसते, नाणं नसतं, पण महागाईप्रमाणे त्याची पेसोंतली किंमत रोज बदलते. २०२४ च्या अखेरीला एक ऊएफे सुमारे ३८,४०० पेसोंचा होता. भाडं ऊएफेमध्ये असेल तर ते दर महिन्याला थोडं सरकणार हे धरून चाला. आणि भाड्याव्यतिरिक्त 'गास्तोस कोमुनेस', आपल्या सोसायटीचा मेंटेनन्स, वेगळा असतो. तो किती, हे आधी विचारा.

मी एवढं सगळं विचारलं आणि गॅसचं विचारायचं विसरले. इथे बऱ्याच घरांत पाणी तापवायला 'कालेफोन' म्हणजे गॅसचा गीझर असतो आणि इमारतीच्या गॅस जोडणीला तपासणीचा शिक्का लागतो. हिरवा असेल तर सगळं ठीक. लाल असेल तर गॅस बंद. मी जुलैत राहायला गेले, दहाव्या दिवशी तपासणी झाली आणि गॅस तोडला. मालक "होईल, होईल" म्हणत राहिला आणि तीन आठवडे मी विजेच्या किटलीत पाणी तापवून बादलीत ओतून अंघोळ केली. म्हणून घर बघायला जाल तेव्हा "सेयो वेर्दे?", म्हणजे हिरवा शिक्का आहे का, एवढं विचारा आणि शिक्का डोळ्यांनी बघा. चूक गॅसची असेल तर जीवावर बेतू शकतं.

त्या बादलीवरून आठवलं. बादलीला इथे 'बाल्दे' म्हणतात. आपली बादली पोर्तुगीजांकडून आली आणि स्पॅनिश ही पोर्तुगीजची सख्खी बहीण. 'पागार' म्हणजे पैसे देणं, आपला पगार. 'पान' म्हणजे पाव. त, द, प आपल्यासारखेच स्वच्छ, त्यामुळे मराठी माणसाचे उच्चार पहिल्या महिन्यातच कानाला बरे लागतात. तू आणि तुम्हीचा फरक 'तू' आणि 'उस्तेद' असा जसाच्या तसा आहे. मी ज्या भागात राहते त्याचं नाव ञुञोआ. शाळेत मुळाक्षरांच्या तक्त्यापुरता भेटलेला ञ, आता माझ्या पत्त्यात दोनदा येतो! मात्र पुस्तकातली स्पॅनिश शिकून आलात तरी इथली बोली सुरुवातीला डोक्यावरून जाईल. शब्दाच्या शेवटचा स गिळतात, वाक्याला 'पो' जोडतात. 'अल तिरो' म्हणजे लगेच. इंग्रजी ऑफिसात चालतं, इमारतीच्या राखणदाराशी चालत नाही. आणि हा राखणदार, 'कोन्सेर्खे', तुमचं पार्सल घेतो, नळवाल्याचा नंबर देतो, शेजारच्यांची ओळख करून देतो. त्याला रोज "ब्वेनोस दियास" म्हणा. माझं निम्मं स्पॅनिश मी त्याच्याकडून शिकले.

आता स्वयंपाकघर. विमानतळावर साग या शेती-पशुधन खात्याचा अर्ज भरावा लागतो. सोबत खाण्याचं काहीही असलं तरी 'हो' लिहा. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेलीवर दंड होतो. तूप, मध, ताजी फळं आणि रुजू शकणाऱ्या बियांबद्दल ते फार काटेकोर आहेत. माझा भाजून दळलेला गोडा मसाला मी दाखवला आणि त्यांनी जाऊ दिला. वीज आपल्यासारखीच, २२० व्होल्ट, त्यामुळे मिक्सर चालतो. पण इथल्या प्लगच्या तीन गोल पिना एका ओळीत असतात, आपला त्रिकोणी प्लग बसत नाही. अडॅप्टर हवाच.

भाजीला सुपरमार्केटपेक्षा फेरियात जा. हा आपला आठवडी बाजार. वस्तीतल्या ठरलेल्या रस्त्यावर, ठरलेल्या वारी. माझा शनिवारचा. इथे विकणारा गिऱ्हाइकाला 'कासेरा' म्हणतो आणि गिऱ्हाईकही विकणाऱ्याला कासेरो, कासेराच म्हणतं. दोघांना एकच शब्द. कोथिंबीर, पालक, मुळा, बीट, हिरवी मिरची, आलं सगळं मिळतं. मेथी, भेंडी, कढीपत्ता मिळत नाही. तुरीची डाळ सहज मिळत नाही, मसूर आणि हरभरे मिळतात. हिवाळ्याच्या शेवटी चिरिमोया येतो. आपल्या सीताफळाच्याच कुळातला, बिया कमी, गर जास्त. लाल भोपळा एवढा मोठा की बाई करवतीने कापते. पहिल्यांदा मी बोटांनी खूण करून पातळ फोड मागितली, तर तिने करवत थांबवली, "सोपाइपियासाठी हवाय का, कासेरिता?" असं विचारलं आणि दुप्पट जाड फोड कापून दिली. तेव्हा मला तो शब्द कळला नव्हता.

शाकाहारी असाल तर "सिन कार्ने", म्हणजे मांस नको, एवढ्यावर थांबू नका. कार्ने म्हणजे बहुतेकांच्या लेखी बीफ, त्यामुळे ताटात चिकन किंवा हॅम येतं. चिकन नको, मासे नको, हॅम नको, असं एकेक सांगा. पाव इथे वजनावर विकतात. चार भागांचा 'मार्राकेता' सकाळी गरम मिळतो. संध्याकाळी चहासोबत पाव आणि अ‍ॅव्होकॅडो खातात, त्याला 'ओन्से' म्हणतात. ओन्सेचं बोलावणं आलं तर नक्की जा, माणसं तिथे मोकळी होतात.

प्रवास सोपा आहे. बिप कार्ड घ्या, मेट्रोत आणि बसमध्येही तेच चालतं. बसमध्ये रोख चालत नाही. गर्दीच्या वेळी मेट्रोचं तिकीट महाग असतं. दाराशी मोबाइल हातात धरून उभं राहू नका. रुग्णवाहिका १३१, अग्निशमन १३२, पोलीस १३३.

भूकंपाची भीती सगळ्यांना असते. जगात मोजलेला सर्वांत मोठा, ९.५ चा भूकंप १९६० मध्ये याच देशात झाला आणि २०१० मध्ये ८.८ चा. त्यातूनच इथे बांधकामाचे नियम कडक झाले. छोट्या हादऱ्याला लोक 'तेम्ब्लोर' म्हणतात आणि चमचासुद्धा खाली ठेवत नाहीत. तुम्ही मात्र दाराजवळ बूट, टॉर्च आणि पाण्याची बाटली ठेवा.

ऋतू उलटे आहेत हे माहीत असतं, अंगावर येतं तेव्हा कळतं. दिवाळी वसंतात येते आणि आकाशकंदील लावायला रात्री आठपर्यंत अंधाराची वाट बघावी लागते. पतंग सप्टेंबरात, १८ तारखेच्या राष्ट्रीय सणाला. काटाकाटी अगदी आपल्यासारखी, आणि काचेच्या मांज्यावर इथेही बंदी. हिवाळा जून ते ऑगस्ट. घरं आतून गार असतात, रॉकेलची शेगडी लागते, तिच्यासाठी खिडकी थोडी उघडी ठेवा. भारताशी घड्याळाचं अंतर हिवाळ्यात साडेनऊ तासांचं, उन्हाळ्यात साडेआठ. सकाळी आठला मी फोन लावते तेव्हा आईचा दुपारचा चहा झालेला असतो.

पाऊसही मुख्यतः जून-जुलैतच पडतो, आपल्यासारखाच, फक्त थंड. पाऊस लागला की घरोघरी सोपाइपिया तळतात. पहिल्या पावसाळ्यात शेजारच्या बाईंनी ताट भरून पाठवल्या. भोपळा उकडून कणकेत मळलेला, गोल लाटून तळलेल्या. दुसऱ्या वाडग्यात दालचिनी आणि संत्र्याची साल घातलेला काळसर पाक होता, चांकाकाचा. चांकाका म्हणजे उसाच्या रसाची ढेप. मी एक घास खाल्ला. आईचे घारगे होते ते, फक्त गूळ पिठात घालायच्या ऐवजी बाहेरून ओतलेला. पुढच्या शनिवारी मी फेरियात करवतवाल्या बाईंसमोर उभी राहिले आणि स्वतःहून म्हणाले, सोपाइपियासाठी द्या. आता सुपरमार्केटमधून चांकाकाच्या ढेपा आणते. होळीला पुरण त्याचंच होतं.